भांडणामुळे नस फुटली का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही देवगड तालुक्यातले, आंब्याची बाग हेच पोटापाण्याचं साधन. वैशाखात माझे मोठे दीर गेले, वय ५४. त्या दुपारी सामायिक कलमांच्या बांधावरून त्यांचं आणि माझ्या मिस्टरांचं कडाक्याचं भांडण झालं. अर्ध्या तासात दिरांना उलटी झाली, तोंड वाकडं झालं, डावा हात-पाय गेला आणि ते खळ्यातच कोसळले. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी साखरपाणी पाजलं, शेजाऱ्यांनी हार्ट अटॅक समजून ॲस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून दिली. गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅन झाला, तिथून गोव्याला हलवलं, तिसऱ्या दिवशी गेले. कागदांवर 'उजव्या बेसल गँग्लियात रक्तस्राव' आणि 'हृदयाची भिंत जाड' असं लिहिलंय. चार वर्षांपूर्वी त्यांना बीपी निघाला होता. गोळ्या दोन महिने घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या.

आता जाऊबाई सगळ्यांना सांगतात, भावानंच भावाला मारलं. वाडीतले म्हणतात, बांध सरकवला म्हणून देवचार कोपला. मिस्टर रात्र रात्र जागे असतात. शिबिरात त्यांचाही बीपी १७०/१०० निघाला, पण गोळी नको म्हणतात. एकदा लागली की जन्मभर सुटत नाही म्हणे. हा आजार घराण्यात असतो का? वेळेत नेलं असतं तर दीर वाचले असते का?

घरात सासूबाई आहेत, वय ७६. मिश्री लावतात. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गणपतीत शेवाळावर घसरून पडल्या, डोक्याला टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही. पण आताशा गप्प गप्प असतात, विसरतात, एक पाय ओढत चालतात. मुलाच्या जाण्याचा धसका घेतलाय, असं सगळे म्हणतात. जाऊबाईंशी जाऊन बोलावं, की वर्षश्राद्धापर्यंत गप्प राहावं?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर :

ताई, दिरांबद्दल आणि मिस्टरांबद्दल सविस्तर लिहिते. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. सासूबाई पडल्या, डोक्याला लागलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि आता त्या पाय ओढतात. त्यांचा डोक्याचा सीटी स्कॅन आजच्या आज व्हायला हवा. हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इथे पुन्हा लिहिते, कारण अशा सासूबाई बऱ्याच घरांत असतात.

वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटीच्या आत जागा मोकळी होते. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात. अशा वयात डोकं आपटायला फार जोर लागत नाही. एखादी शीर फाटते आणि आवरणाखाली रक्त झिरपू लागतं. हे झिरपणं इतकं संथ असतं की त्या दिवशी, त्या आठवड्यात काहीच कळत नाही. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, साचलेलं रक्त मेंदूला दाबायला लागतं. माणूस झोपाळू होतो, नाव विसरतो, चाल बिघडते, घास हातातून सुटतो. तोपर्यंत पडल्याची गोष्ट घरचे विसरूनही गेलेले असतात. मग वयाला नाहीतर दुःखाला बोल लावला जातो. मुलगा गेलेली आई अबोल होणारच, ते मी समजू शकते. पण धसक्यानं एकच पाय ओढला जात नाही.

हे निदान खरं ठरलं तर त्यात एक चांगली बाजू आहे. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या सगळ्या प्रकारांत उपायाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी हा एक. कवटीला छोटं छिद्र पाडून साचलेलं रक्त काढून टाकतात आणि बरीच म्हातारी माणसं पुन्हा आपल्या पायांनी घरात येतात. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नावं सांगत बसू नका. गोळी वॉरफरिन किंवा ॲसिनोकौमरॉल असेल तर रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर तपासणीत कळतं. गोळी तुमच्या तुम्ही बंद करू नका. ती बंद करायची, उलट औषध द्यायचं की दुसरी गोळी लावायची, हे स्कॅन पाहून तिथले डॉक्टर ठरवतील. हृदयाचे ठोके अनियमित असताना ती अचानक सोडली तर नेमकं उलट होतं : रक्ताची गुठळी मेंदूत अडकून स्ट्रोक, म्हणजे लकव्याचा झटका, येऊ शकतो.

आता दिरांकडे येऊ.

तुम्ही कागदावरचे दोन शब्द उतरवून पाठवलेत, ते फार बरं केलंत. बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूचा खोलवरचा भाग. तिथे जाणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात आणि मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटलेल्या असतात. मोठ्या धमनीतला सगळा जोर त्यांना थेट सोसावा लागतो. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की या बारीक धमन्यांची भिंत आधी जाड आणि कडक होते, मग ठिकठिकाणी विरते. खोल मेंदूतला, मेंदूच्या देठातला किंवा लहान मेंदूतला रक्तस्राव मध्यमवयीन माणसात दिसला की डॉक्टरांचा पहिला संशय उच्च रक्तदाबावरच जातो. दुसरा शब्द त्याहून बोलका आहे. हृदयाची भिंत जाड झाली, याचा अर्थ चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून त्या स्नायूची जाडी वाढली. ही जाडी एका दुपारी येत नाही. चार वर्षांपूर्वी निघालेला बीपी तेव्हापासून, आणि बहुधा त्याच्याही आधीपासून, दिवसरात्र आपलं काम करत होता. फक्त दुखत नव्हता.

बागायतदाराला सांगायचं तर, फवारणीच्या पंपाची नळी उन्हापावसानं आणि औषधानं विरत विरत जाते आणि एक दिवस फुटते. त्या दिवशी दट्ट्या कुणाच्या हातात होता, यावरून आपण गड्याला दोष देत नाही.

तरी तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. रागाच्या भरात रक्तदाब थोडा वेळ वर चढतो, आणि मोठ्या रागानंतरच्या तासाभरात स्ट्रोकचा धोका काहीसा वाढलेला असतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणून 'भांडणाचा काडीचाही संबंध नाही' असं खोटं प्रमाणपत्र मी देणार नाही. मिस्टरांनाही ते पटणार नाही, ते तिथे हजर होते. पण तसाच दाब पेट्या उचलताना चढतो, शौचाला कुंथताना चढतो, कबड्डीचा सामना बघताना चढतो. निरोगी धमनी हे सगळं सोसते. घराघरांत भावाभावांची भांडणं होतात. बांध, विहिरी आणि सातबारा हे तर आपल्याकडचे बारमाही विषय. भांडणानं नसा फुटत असत्या तर कोकणात सामायिक जमीन कसायला कुणी उरलं नसतं. देवचाराला मी यात ओढत नाही. त्याचं गाऱ्हाणं गावानं हवं तर घालावं, पण दिरांच्या कागदावर जे लिहिलंय त्याला त्याची गरज पडत नाही.

वेळेत नेलं असतं तर वाचले असते का? हा प्रश्न मागे राहिलेला प्रत्येक माणूस विचारतो. ठाम हो किंवा नाही म्हणता येत नाही. मेंदूतल्या अशा रक्तस्रावात शंभरातले साधारण चाळीस जण महिन्याभरात दगावतात, आणि हे मोठ्या शहरांतही होतं. अर्ध्या तासात उलटी, पूर्ण एक बाजू गेलेली, बसल्या जागी कोसळणं, यावरून रक्तस्राव मोठा असावा. मुंबईत मोठ्या रुग्णालयाच्या दारात हे घडलं असतं तरी शेवट कदाचित हाच झाला असता. दुसऱ्या बाजूनं, साधारण तिघांपैकी एका रुग्णात पहिल्या काही तासांत रक्ताची गाठ वाढत जाते, आणि तेवढ्यात रक्तदाब काबूत आणला तर फायदा होतो. भारतासह दहा देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब तासाभरात खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवायचा, एवढ्या साध्या गोष्टी शिस्तीनं केल्यावर जास्त रुग्ण वाचले आणि वाचलेले कमी पंगू झाले. यात भारी यंत्र एकही नाही. म्हणून वेळेला किंमत आहे. मात्र तुमच्या घरी ती हरवली ती गाडीअभावी, कुणाच्या दुष्टपणामुळे नाही.

ॲस्पिरिनबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण ही गोळी आता घरोघरी डब्यात असते. छातीत दुखत असेल तर तिचा उपयोग आहे. पण तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळतंय, अशा वेळी गुठळी अडकली आहे की नस फुटली आहे हे बाहेरून कुणालाही, अगदी मलाही, सांगता येत नाही. शंभर स्ट्रोकपैकी बहुतेक गुठळीचे असतात, पण रक्तस्रावाचे नेमके कोणते ते फक्त स्कॅन सांगतो. रक्तस्रावात ॲस्पिरिन दिली तर रक्त गोठण्यात अडथळा येतो. शेजाऱ्यांनी चांगल्या हेतूनं दिली, त्या एका गोळीनं दीर गेले असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी कुणी देऊ नये, इतकंच. बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवणं, साखरपाणी, लिंबूपाणी, कॉफी हेही नको. घसा लुळा पडलेला असतो, पाजलेलं फुप्फुसात जातं. कांद्यानं काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो.

करायचं ते असं. लक्षणं सुरू झाली ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. रात्री झोपेत झालं असेल तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ते. कुशीवर झोपवा, उलटी झाली तर तोंड साफ करा, कवळी असेल तर काढा. १०८ला फोन लावा आणि 'चक्कर आली' असं मोघम सांगू नका. 'लकवा मारलाय, स्ट्रोक वाटतोय' असं सांगा. १०८ला उशीर लागणार असेल तर वाडीतली गाडी काढा. आणि न्यायचं ते जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच. देवगडसारख्या ठिकाणाहून निम्मा वेळ चुकीच्या दारात जातो. म्हणून एका निवांत दुपारी आरोग्य केंद्रात विचारून ठेवा : रात्री दोनला स्कॅन कुठे चालू असतो, ओरोसला की कणकवलीला, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे गोव्यात बांबोळीला पाठवतात की घाट चढून कोल्हापूरला. जन आरोग्य योजनेसाठी लागणारं रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा. आपल्याकडे गणपतीचं सामान महिनाभर आधी काढून ठेवतो, ही पिशवी त्यातलीच समजा.

आता तुमचे मिस्टर. १७०/१०० हा एकदा मोजलेला आकडा आहे, त्यावरून कायमचा शिक्का मारत नाहीत. शिबिरातल्या गर्दीत, रांगेत उभं राहून, तोंडात तंबाखू ठेवून मोजलेला बीपी चढाच येतो. पण हा आकडा सोडून देण्याइतका लहानही नाही आणि या घरात नुकतंच काय घडलंय ते समोर आहे. याच आठवड्यात पुन्हा मोजा. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही, बागेच्या वादाबद्दल तर मुळीच नाही. दोनदा मोजून दुसरा आकडा वहीत लिहा. घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून सरासरी १३५/८५च्या वर आली, किंवा दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९०च्या वर राहिली, तर तो उच्च रक्तदाब. त्यांचं डोकं दुखत नसेल. दुखावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. बहुतेकांना काहीही होत नाही, म्हणून तर दिरांनी गोळ्या सोडल्या. त्यांना बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळे, आणि नंतर बरं वाटत राहिलं ते बीपी न दुखण्याच्या सवयीमुळे.

'एकदा लागली की जन्मभर.' हो, बहुतेकांना जन्मभर. यात मिस्टरांना हरल्यासारखं का वाटतं ते मला कळतं, पण ही गोळी नसणं म्हणजे काय ते त्यांना सांगा. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा बीपी मार्च १९४४ मध्ये तपासणीत १८६/१०८ निघाला. दुसरं महायुद्ध चालू होतं, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणावा असा रुग्ण, दिमतीला हवे तेवढे डॉक्टर. त्यांच्या हातात होतं काय, तर मीठ कमी करा, विश्रांती घ्या, हृदयाची जुनी औषधं. रक्तदाब नीट उतरवणारी गोळी तेव्हा जगात नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकारासमोर बसलेले असताना त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आली, रक्तदाब ३००च्या वर मोजला गेला आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. वय ६३. रूझवेल्टना मिळाली नाही ती गोळी आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. तुमचं नाव नोंदवून महिन्याच्या गोळ्या देतात. वरचा आकडा दहानं जरी उतरला तरी स्ट्रोकचा धोका साधारण पाव हिश्शानं कमी होतो.

सहसा ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन देतात. ॲम्लोडिपिननं काहींचे पाय घोट्याशी सुजतात, दुसऱ्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. असं झालं तर गोळी बदलून मागायची, बंद करायची नाही. हंगामात, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, बागायतदार पहाटे बाहेर पडतो तो रात्री पेट्या भरून होईपर्यंत घरी टेकत नाही. नेमकी तेव्हाच गोळी चुकते आणि झोपही मोडते. गोळीची वेळ जेवणाशी नाही, सकाळच्या पहिल्या चहाशी बांधा. चहा आपल्याकडे चुकत नाही. आणखी एक, कंबर धरली की गडीमाणसं आणि मालकही मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणून खातात. त्या रोज खाल्ल्या तर बीपी चढवतात. पाण्यात फसफसणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आणि पित्ताच्या पुड्यांत सोडियमही भरपूर असतं.

मिठाचा विषय निघाला की आपली माणसं 'आम्ही वरून मीठ घेत नाही' म्हणतात. घेत नसतील. पण पेजेबरोबर खारा बांगडा, दुपारी सुकटाची कोशिंबीर, ताटाला लोणचं आणि सांडगी मिरची, वर सोलकढी. कोकमाचं आगळ मिठातच टिकवलेलं असतं, ते घालून कढीत पुन्हा मीठ घालणाऱ्याला मी काय म्हणावं! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. हिशेब सोपा करून देते : चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि त्यात लोणच्या-खारवण्यासकट सगळं आलं. सुकी मासळी सोडा असं मी सांगणार नाही, पावसाळ्यात दुसरं असतं काय. कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेकून द्या, आठवड्यातले दिवस कमी करा. ताज्या मासळीला माझी काही हरकत नाही. शहाळ्यानं बीपी बरा होतो म्हणून गोळी सोडणाऱ्यांना आहे. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ चांगलं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तंबाखू आणि दारू यांवर पानभर लिहायची गरज नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दातांचं औषध नाही. सासूबाईंना आता या वयात रागावू नका, पण सुनांनी आणि नातींनी ती उचलू नये. रोजच्या दारूनं बीपीही चढतो आणि यकृत बिघडून रक्त गोठण्याचंही बिनसतं.

घराण्यात असतो का, हा तुमचा प्रश्न. दिरांच्या जातीचा रक्तस्राव तसा वारशानं येत नाही, येतो तो रक्तदाब. सख्ख्या भावाला आहे, दुसऱ्याचा १७० निघाला, म्हणजे तुमच्या घरात तो आहे असंच धरून चाला. एक वेगळा प्रकार मात्र घराण्यात आढळतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमनीला फुगा येतो आणि तो फुटतो. त्याची खूण म्हणजे कुणीतरी डोक्यात घाव घातल्यासारखी, क्षणात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. मान ताठते, उलट्या होतात. ती गोळी घेऊन झोपून काढायची नसते. आई-वडील-भावंडांत दोघांना असा रक्तस्राव झाला असेल तर बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोलून धमन्यांचा स्कॅन करून घ्यावा. तुमच्या दिरांचा तो प्रकार नव्हता, त्यामुळे घरभर एमआरआय करत सुटू नका. त्या पैशात बीपीचं चांगलं यंत्र येईल आणि वाडीलाही वापरता येईल.

सड्यावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या लेखांत ती नसते. फुरसं किंवा घोणस चावली तर विषानं रक्त गोठण्याची शक्ती जाते आणि क्वचित त्यातून मेंदूतही रक्तस्राव होतो. फुरसं लहान दिसतं म्हणून 'काय व्हायचं' असं म्हणून घरी बसू नये. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का बघतात, त्यावर प्रतिविष द्यायचं ठरतं. आणि आंबा काढताना झाडावरून पडलेला गडी उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला दिवसभर एकटं सोडू नका. कवटीच्या आतली धमनी फाटली असेल तर माणूस आधी शुद्धीवर येतो आणि काही वेळानं गळपटतो.

राहिल्या जाऊबाई. मिस्टरांच्या मनावरचं ओझं माझ्या पत्रानं लगेच उतरेल असं मला वाटत नाही. भावाशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, ही बोच रक्तदाबाच्या हिशेबानं मिटत नाही, आणि ती खोटीही नाही. त्यांना झोप येत नाही, जेवण उतरलं आहे, स्वतःला काही करून घ्यायचं बोलतात, असं दिसलं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे न्या; किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि त्यांची न झालेली झोपही बीपी चढवते आहे, हे ध्यानात असू द्या.

वर्षश्राद्धाची वाट बघू नका. पण मिस्टरांना पहिल्या खेपेला नेऊ नका, तुम्ही एकट्या जा. जाऊबाईंना कुणावर तरी रागवायचंय, कारण नवऱ्यानं गोळ्या सोडल्या तेव्हा आपण गप्प बसलो, हा विचार त्यांच्याही मनात येत असणार आणि तो पेलवत नसणार. म्हणून 'तुमच्याच माणसानं गोळ्या सोडल्या' हे वाक्य तुमच्या तोंडून चुकूनही निघता कामा नये, कितीही खरं असलं तरी. पहिल्या दिवशी कागदही काढू नका. बसा, त्या बोलतील ते ऐका, सासूबाईंच्या स्कॅनचं सांगा; त्या त्यांच्याही सासूबाई आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला वाटलं तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाच विनंती करा की दोन्ही घरांना एकत्र बसवून दिरांचे कागद वाचून दाखवा. घरच्या माणसानं सांगितलेलं वकिली वाटतं, परक्यानं सांगितलेलं कानात शिरतं. बांधाचा वाद तोवर तलाठ्याकडे नेऊ नका, या हंगामात ती चार कलमं त्यांनाच काढू द्या.

आणि दिरांची मुलं नोकरीला मुंबईत असतील, तर शिमग्याला गावी आली की त्यांचाही बीपी मोजून घ्या. तिशीतल्या मुलांचा कुणी मोजत नाही.